कातीव लाकडाचा लाखरंग

लाकूड कातणे आणि लाकूड रंगविणे ही दोन कामे आज आपण निरनिराळी मानतो. सुताराने वस्तू घडवावी आणि रंगाऱ्याने मागाहून तिच्यावर कुंचला फिरवावा, अशी वहिवाटच पडून गेली आहे. परंतु कर्नाटकातील चन्नपट्टण, आंध्रातील एटिकोप्पाक आणि आपल्याकडील सावंतवाडी येथे ज्या कुटुंबांनी कातीव लाखकाम पिढ्यान्‌पिढ्या जोपासले, त्यांनी ही वाटणी कधी मान्य केली नाही. ज्या लेथवर खुळखुळ्याला आकार येतो, त्याच लेथवर तो फिरता असतानाच त्याच्यावर रंग चढतो, आणि खाली उतरतो तो सर्वांगी लकाकतच.

या रंगाचे अधिष्ठान म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करणारा एक क्षुद्र कीटक आपल्या देहाभोवती जे राळेसारखे कवच निर्माण करतो, ते खरवडून, धुऊन आणि वितळवून शुद्ध केले की चपडा तयार होतो. ही लाख मंद आचेवर मऊ करून, तीत रंग घालून, पुनःपुन्हा ताणून व मळून एकजीव झाली, म्हणजे तिच्या कांड्या वळून ठेवतात. पूर्वी पिवळ्यासाठी हरताळ आणि तांबड्यासाठी हिंगूळ घेत. पण हरताळात सोमलाचा अंश आणि हिंगुळात पारा, त्यामुळे तान्ह्या मुलाच्या तोंडी जाणाऱ्या वस्तूला ते सर्वथा अयोग्यच. वनस्पतिजन्य रंगांची परंपरा एटिकोप्पाकात पुन्हा रूढ करण्यासाठी झटणाऱ्या सी. व्ही. राजू यांना २०२३ साली पद्मश्री देऊन सरकारने गौरविले.

चन्नपट्टण आणि एटिकोप्पाक येथील कारागिरांची पसंती काळ्या कुड्याला आहे. त्याचे लाकूड पांढुरके, बारीक पोताचे आणि कातण्यास सुलभ. मात्र ते पुरते वाळलेले असले पाहिजे, कारण ओल राहिलेले लाकूड पुढे आकसते आणि वरची लाख तडकते. पटाशीने आकार सिद्ध झाला, काचकागदाने अंग गुळगुळीत झाले, की कारागीर लाखेची कांडी गरगर फिरणाऱ्या लाकडावर दाबून धरतो. घर्षणाने उष्णता उत्पन्न होते, तिने लाख वितळते आणि लाकडाच्या रंध्रांत शिरून जागच्या जागी धरते. यात स्पिरिट नाही की टर्पेंटाइन नाही, म्हणून वाळण्याची वाट पाहणेही नाही. प्रथम रंग पट्ट्यापट्ट्यांनी, काहीसा खडबडीत बसतो. मग केवड्याच्या वाळल्या पानाची घडी त्याच्यावर दाबली जाते. पानाखाली लाख पुन्हा सैल होऊन समप्रमाणात पसरते, आणि क्षणापूर्वी निस्तेज दिसणाऱ्या अंगावर काचेसारखे पाणी चढते. दाब कमी पडला तर लाख नीट पसरत नाही, अधिक झाला तर ती जळून काळवंडते. उष्णतामापक यंत्राची तजवीज येथे नसते, सारा निवाडा बोटांकडे.

घरी लेथ नसलेल्या हौशी माणसालाही ही लाख सर्वस्वी दुर्लभ नाही. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाभोवती मलमलीचा तुकडा गुंडाळून केलेल्या बोळ्याने त्याचे पातळ हात वर्तुळाकार देत गेल्यास जे फ्रेंच पॉलिश सिद्ध होते, तेही तिचेच रूप. पहिला हात वाळण्यापूर्वी दुसरा देण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. एरवी बोळा खालचा थर ओढून काढतो.

सावंतवाडीच्या चितारआळीतील या कलेला संस्थानाचा आश्रय होता, आणि संस्थान विलीन झाल्यावर तेथील राजघराण्यातील शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा (हाताने रंगविलेले खेळाचे पत्ते) व लाखकाम यांच्या पुनरुज्जीवनासाठी राजवाड्यातच कारागिरांना हक्काची जागा दिली. दरबार गेला तरी आश्रयदाते राहिले, हे या कलेचे भाग्य.

तथापि तिचे खरे शहाणपण पाहावयाचे तर रंगीत लाटणे हाती घ्यावे. त्याच्या मुठींवर लाल-पिवळ्या लाखेची वळी असतात, परंतु पोळी जेथे लाटावयाची तो मधला भाग कोराच ठेवलेला असतो. लाख उष्णतेने मऊ पडते आणि सततच्या घासणीने उडते, हे जाणणारा कारागीर ती अन्नाच्या वाटेत येऊ देत नाही. रंग कोठे द्यावा हे कोणीही शिकू शकेल. तो कोठे थांबवावा, हे ठरविताना मात्र वस्तू कोणाच्या हाती जाणार आहे याचे भान लागते.