मागे बसलेली गाडी

चाकणच्या चौकात घटकाभर उभे राहावे. कांद्याच्या गोण्यांनी भरलेले पिकअप एकामागून एक जातात. मागची बाजू रस्त्याला टेकायला आलेली, नाक आभाळाकडे. पिंपरीच्या एका वाहन-कारखान्यात तीस वर्षे काढलेला मी, असे दृश्य दिसले की मनातल्या मनात त्या चालकाला शहाणपण शिकवीत असे. निवृत्तीनंतर ती पाळी माझ्यावरच आली.

हौस म्हणून जुन्या जीपमागे ओढायचा छोटा कॅम्पर ट्रेलर करून घेतला. दोघांपुरता बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. आपल्या कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच. त्याची रीतसर नोंदणी केली. पहिल्याच सफरीत, खेड घाटात, तिन्हीसांजेला समोरून येणारा प्रत्येक जण दिव्यांची उघडझाप करू लागला. "अहो, आपला उजेड त्यांच्या डोळ्यांत जातोय," ही म्हणाली. मी दिवे खाली केलेलेच होते. पुढच्या वळणावर स्टीअरिंग फिरवले, तर जीप क्षणभर सरळच जात राहिली. कठडा हातभर अंतरावर राहिला. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी भोसरीत पाट्यांचे काम करणाऱ्या गॅरेजात गेलो. "एक पाटा वाढवू, साहेब. उद्या गाडी न्या," मालक म्हणाला. आपल्या भागातला हा रामबाण उपाय. कोपऱ्यात बसलेला म्हातारा फिटर मात्र म्हणाला, "मागं बसतंय ते दिसतंय. पुढं उठतंय त्याचं काय? आधी काटा करून या."

वजनकाट्यावर सुटा ट्रेलर भरला ८०० किलो. मग तो जीपला जोडला, जीप काट्याबाहेर ठेवली आणि फक्त ट्रेलरची चाके काट्यावर घेतली. भरले ६४०. म्हणजे १६० किलो जीपच्या शेपटीवर! सामानासह ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर असावा, असा अमेरिकेतला सर्वसाधारण दंडक आहे. माझा २० टक्के होता. त्यात जोड मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आणि जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.४ मीटर. तरफेचा हिशेब शाळेतलाच: मागच्या चाकांवर १६० नव्हे, २४० किलो वाढले आणि पुढच्या चाकांवरचे ८० किलो उचलले गेले. वळणावर जीप का ऐकेना, ते तेव्हा कळले.

नवा पाटा मागची बाजू उचलून धरील, दिवेही खाली आणील. पण पुढचे ८० किलो परत आणणार नाही. ॲक्सल, टायर आणि ब्रेक यांची ताकदही त्याने तसूभर वाढत नाही. शिवाय रिकामी जीप रोज हाडे खिळखिळी करील, ते वेगळेच. हवेचे फुगे बसवले तर गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करता येतो, पण तेही फक्त उंचीच सांभाळतात. पुढच्या चाकांवर भार परत ढकलणारा, स्प्रिंगच्या दांड्यांचा जोड अमेरिकेत मोठ्या ट्रेलरना लावतात. मात्र तो ताण सोसणारी चौकट जीपला आणि ट्रेलरला, दोघांनाही हवी.

मी आधी सामान हलवले. पाण्याची टाकी आणि सिलिंडर ट्रेलरच्या नाकावरून चाकांच्या वर आणले. पुन्हा काटा केला. जोडावर १०० किलो. पुढून उचलले जाणारे वजन ८० वरून ५० वर आले. सगळे मागे ढकलून जोड आणखी हलका करण्याचा मोह मात्र टाळला. तसे केले तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा हेलकावे खातो. तरीही जीप थोडी बसतच होती. फिटरने पाटे उतरवून दाखवले; वर्षानुवर्षांच्या भाराने त्यांची कमानच मेली होती. जादा पाटा न घालता मूळ मापाचा नवा संच बसवला आणि दिव्यांचा झोत पुन्हा लावून घेतला.

पुढच्या खेपेला त्याच घाटात कुणी दिवे मिचकावले नाहीत. वळणावर ही नुसती हसली.

चाकणच्या चौकात आता मी पिकअपवाल्याला मनातही शिकवीत नाही. त्याला भाड्याचा हिशेब घालायचा असतो, माझी नुसती हौस होती. पण परवा एकाने गॅरेजात पाटा वाढवायचा भाव विचारला, तेव्हा मात्र राहवले नाही. म्हटले, "दादा, आधी काटा करून या."