सातबाराचा उजवा रकाना
(जमीन घेताना : भाग 5)

गेल्या भागात सातबाराची डावी बाजू वाचली : गट क्रमांक, भूधारणा पद्धती, क्षेत्र, आकार. दलाल तेवढंच बोटाने दाखवतो आणि कागदाची घडी घालतो. पैसा अडकतो तो बहुधा उजवीकडच्या रकान्यात. त्याचं नाव ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. भाव विचारण्याआधी हा रकाना वाचावा, असं माझं ठाम मत आहे. भाव उतरवता येतो, तिथली नोंद घासाघीस करून उतरत नाही.

समजा, तिरोडा तालुक्यातली एकरभर बांधी तुमच्या मनात भरली. उजव्या रकान्यात बारीक अक्षरांत एकच ओळ आहे : ‘इकरार, विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, रु. 85,000’. विकणारा म्हणतो, ‘‘पीककर्ज आहे जी, खरेदीच्या दिवशी भरून टाकतो.’’ त्याची दानत चांगलीच असेल. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 48 प्रमाणे असा इकरार करून कर्ज घेतलेल्या सभासदाला ते व्याजासह फिटेपर्यंत जमीन विकता येत नाही, आणि विकलीच तर तो व्यवहार रद्दबातल ठरतो. म्हणजे 85 हजारांच्या बोज्यापायी तुमचे सगळे लाख टांगणीला. मग क्रम असा ठेवावा : इसारातली तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट संस्थेत त्याच्या कर्जखात्यावर भरायची, पावती आणि बेबाकी दाखला घ्यायचा, तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) बोजा कमी करण्याचा अर्ज द्यायला लावायचा, फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात आला की मगच दुय्यम निबंधकाकडे जायचं. यात काही आठवडे जातात. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ हे वाक्य याच आठवड्यांत ऐकू येतं. येऊ द्यावं.

रकाना कोरा असला म्हणजे जमीन मोकळी, असंही नाही. मूळ कागद बँकेत ठेवून केलेलं गहाण सातबारावर चढलेलंच असेल याची खात्री नसते. अशा गहाणाची सूचना 2013 पासून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, म्हणून तिथला शोध वकिलाकडून करून घ्यावा, शक्यतो 30 वर्षांचा.

आणि काही बंधनं कागदावर लिहिलेली असोत-नसोत, लागू असतातच. देवरी, सालेकसा या भागांत बरीच जमीन आदिवासी खातेदारांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे ती बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्या परवानगीला राज्य शासनाची आधी मान्यता लागते. नुसती गहाण घ्यायची तरी, अगदी पाच वर्षांच्या आतल्या मुदतीसाठी, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवीच. स्टॅम्पपेपरवर अंगठा घेऊन ‘वापरायला घेतलेल्या’ जमिनीला कायद्यात आधार नाही. शिवाय तुम्ही स्वतः शेतकरी नसाल, तर विदर्भाच्या 1958 च्या कूळ कायद्याचं कलम 89 शेतजमिनीच्या खरेदीलाच आडवं येतं.

झुडपी जंगल हा तर खास आपल्या पूर्व विदर्भाचा विषय. मालगुजारीच्या काळापासून गुरं चारायला, निस्ताराला सोडलेली ही खुरट्या झाडोऱ्याची जमीन. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानायची असा निकाल दिला. 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी शासनाने केंद्राची मंजुरी मागावी, अशी वाट ठेवली आहे. त्यानंतरच्या वाटपाचं प्रकरण बरंच अवघड. तेव्हा गावाच्या कडेला ‘पडीक आहे, स्वस्त आहे’ असा प्लॉट कोणी दाखवला, तर सातबाऱ्याबरोबर गावचं निस्तारपत्रकही मागावं. त्यावर प्लॉटवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आता ज्यांना जमीन नको, जमिनीवरचं व्याज हवं आहे, त्यांच्यासाठी. अमेरिकेत कर्जदाराचं गहाणखत बँकेकडून किंवा मूळ धनकोकडून विकत घेऊन हप्ते आपण वसूल करायचे, हा साध्या माणसालाही करता येणारा धंदा आहे. त्याची चित्रफीत पाहून आपल्याकडे तसं करायला निघालेल्यांनी थांबावं. बँकेचं थकीत कर्ज इथे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांसारख्या संस्थाच घेऊ शकतात, तुम्ही-आम्ही नाही. आपल्याच पैशाने गावात गहाण घेऊन व्याज खाण्याचा धंदा मांडला, तर ती सावकारी झाली. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे त्याला परवाना लागतो. गहाणाऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायची जुनी युक्तीही चालत नाही. मागच्या 15 वर्षांतलं असं खत कर्जाच्या तारणापोटी झालं होतं असं चौकशीत दिसलं, तर जिल्हा निबंधक ते अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत देऊ शकतात.

राहिली बँकेची लिलावाची जाहिरात. 2002 च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे या कायद्याखालच्या लिलावात घरं, दुकानं, अकृषक जागेवरची राईस मिल अशाच मालमत्ता असायला हव्यात; तरीही जागा खरोखर अकृषक झाली आहे का, ते आदेश पाहूनच ठरवा. बोली लागली की अनामत धरून 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावी लागते, उरलेली विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदत वाढून मिळाली तरी ती एकूण तीन महिन्यांपलीकडे जात नाही, आणि पैसे उभे राहिले नाहीत तर भरलेले जप्त होतात. म्हणून कर्ज मंजूर झाल्याशिवाय बोलीला बसू नका. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ हे दोन शब्द शोधा. ते असतील, तर घरात अजून कर्जदाराचं कुटुंब राहतं आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज बँकेलाच करावा लागतो, तारखा मात्र तुम्ही मोजत बसता. बोलीचा आकडा ठरवताना त्या महिन्यांचं व्याजही धरा.

पुढच्या भागात मोजणी : धुरा सरकलेला असतो तेव्हा.