दोघांची शिपाईगिरी

जपानच्या कोनामी कंपनीने १९८७ साली नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांसाठी ‘कॉन्ट्रा’ हा खेळ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याची घरगुती आवृत्ती बाजारात आणली. परग्रहावरून आलेल्या शत्रूचा निःपात करण्यासाठी बिल व लान्स हे दोन शिपाई तीत तैनात केलेले होते. कथानक एवढेच, आणि तेही त्या काळच्या अमेरिकन चित्रपटांवरून उघड उघड उचललेले, तेव्हा त्याविषयी अधिक लिहिण्यात हशील नाही. आपल्याकडे हा खेळ नव्वदीच्या दशकात पोहोचला तो मूळ घरगुती यंत्राच्या स्वस्त नकलांतून. त्यामुळे आज चाळिशी गाठलेल्या पुष्कळ गृहस्थांना कोनामी हे नाव ठाऊक नसले, तरी ‘कॉन्ट्रा’ची कॅसेट मात्र पक्की स्मरते.

या खेळाचा कायदा मोठा कडक. गोळी एक लागली की प्राण गेला. असे प्राण तीनच, आणि प्रत्येक मरणासरशी कमावलेले शस्त्र जप्त होऊन पुन्हा साधी बंदूक हाती. नाण्याच्या यंत्रांत अशा कडकपणाला रोकडे कारण असे, कारण खेळणारा लवकर मरण्यातच मालकाची मिळकत होती. घरात तो हिशेब उरला नाही, तरी शिरस्ता कायम राहिला. त्यावरचा प्रसिद्ध उतारा म्हणजे आरंभीच दोनदा वर, दोनदा खाली, मग डावे-उजवे, डावे-उजवे, बी, ए या क्रमाने कळा दाबून मिळणारे तीस प्राण. हा क्रम मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ‘ग्रॅडियस’मध्ये घातला होता, कारण तो खेळ तपासताना खुद्द त्यांनाच तो पार करणे जमेना.

परंतु दोघांनी मिळून खेळावयाच्या या प्रकारच्या खेळाचे खरे मर्म ‘कॉन्ट्रा’च्या तिसऱ्या, धबधब्याच्या टप्प्यात कळते. खडकांवरून उड्या मारीत वर चढायचे असते, पडदा मात्र दोघांत एकच, आणि तो वरच्या गड्याबरोबर वर सरकतो. म्हणून एकाने उतावीळपणे दोन उड्या अधिक मारल्या की खालच्याच्या पायाखालचा खडक पडद्याबाहेर जातो आणि तो बिचारा, शत्रूचे तोंडही न पाहता, प्राणास मुकतो. सोबत्याची गोळी आपल्याला लागत नाही, ही सवलत येथे काही कामाची नाही. ‘एस’ अक्षराचे शस्त्र, ज्यातून एका दमात पाच गोळ्या पसरून सुटतात, ते कोणी घ्यावे यावरून सख्ख्या भावांत होणारे तंटे तर निराळेच!

अलीकडे जुन्या वळणाचे असे खेळ मुद्दाम रचले जातात. ब्राझीलच्या जॉयमॅशरने २०१९ साली ‘ब्लेझिंग क्रोम’ काढला, तो जुन्या कायद्याला बराच इमानी आहे. २०२४ च्या ‘कॉन्ट्रा: ऑपरेशन गलुगा’त कोनामीने स्वतःच जखमा सोसण्याची मुभा दिली, ती मला थोडी अनाठायी वाटते, कारण चूक स्वस्त झाली की सोबत्याकडे लक्ष देण्याची गरजही ओसरते. दक्षिण आफ्रिकेच्या फ्री लाइव्ह्जने २०१५ साली ‘ब्रोफोर्स’मध्ये केलेली तजवीज अधिक शहाणपणाची आहे: चौघांना एकत्र खेळता येते, मरण तसेच तडकाफडकी येते, पण जिवंत राहिलेल्याने एखादा बंदिवान सोडवला की मेलेला गडी परत मैदानात उतरतो. नव्याने आरंभ करू पाहणाऱ्यांनी तेथूनच करावा, आणि शक्य तर एकाच खोलीत, शेजारी शेजारी बसून.