खाडीकाठच्यांनी तंबू ठोकावा कुठे?

मानखुर्द सोडून हार्बर लोकल पुलावर चढली की दोन्ही बाजूंना ठाणे खाडी पसरते. चिखल, खारफुटी आणि हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे. २०१५ साली खाडीच्या काही भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२मध्ये ती रामसर यादीत गेली. पाण्याकाठी तंबूत रात्र काढायची हौस मात्र इथे भागत नाही. भरतीत बुडणारा चिखल, संरक्षित खारफुटी आणि डास! त्यासाठी कुर्ल्याला गाडी बदलून कसारा लोकल पकडावी.

कसारा घाट चढून इगतपुरी, घोटीमार्गे शेंडी गाठायचं. भंडारदरा म्हणून पर्यटक उतरतात ते हेच गाव. प्रवरेवरचं विल्सन धरण इंग्रजांच्या काळात, १९२६मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाच्या काठाने मुरशेत, रतनवाडी अशी गावं आहेत. भात निघाला की रिकाम्या खाचरांत आणि घराशेजारच्या माळावर गावकरी तंबू लावून देतात. यातली बरीच कुटुंबं महादेव कोळी समाजाची.

सोयी बेताच्याच. तंबू, गादी-पांघरूण, घरामागचं संडास, बादलीभर गरम पाणी. रात्री पिठलं-भाकरी आणि ठेचा, सकाळी पोहे. मोबाइलची रेंज कधी येते, कधी जाते. (ही गैरसोय की सोय, हे ज्याचं त्याने ठरवावं.) पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: संडास किती तंबूंना मिळून आहे आणि रात्री स्पीकर लावतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर दुसरं घर शोधावं. पवना धरणाच्या काठावर शनिवारच्या रात्री गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तंबूचंही एक तंत्र असतं. पाण्याला अगदी लागून किंवा कोरड्या ओहोळात तो ठोकू नये. पावसाची एक जोरदार सर आली की ओहोळ जागा होतो. थंडीत झडपा गच्च बंद केल्या तर श्वासातली वाफ आतून कापडावर जमते आणि पहाटे अंगावर ठिबकते. म्हणून एक झडप किलकिली ठेवावी. धरणात पोहायला उतरू नये: काठाचा गाळ फसवा आणि तळ एकदम खोल.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत इथे काजवे येतात. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर हजारो नर मादीला खुणावत लुकलुकतात. पोटातल्या रासायनिक क्रियेतून निघणारा तो उजेड थंड असतो. बॅटरीचा झोत पडला की त्यांचे इशारे विस्कटतात, मीलन हुकतं. गाड्यांच्या रांगा आणि झाडाखालचा गोंगाट त्यांच्या मुळावर उठला आहे. हा सगळा परिसर १९८६पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेव्हा वनखात्याचे नियम सगळ्यांनाच लागू.

काजव्यांसाठी जायचंच असेल तर शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जा, बॅटरीवर लाल कागद लावा आणि आपला कचरा पिशवीत भरून कसाऱ्यापर्यंत परत आणा.