नांगराला दोर किती सोडावा?

होडी नांगरताना नुसती पाण्याची खोली बघून दोर सोडणे धोक्याचे आहे. नांगर धरून ठेवतो तो वजनाने कमी, तळात रुतल्यामुळे जास्त. ओढ तळालगत आडवी असेल तर तो आणखी रुततो. वरून ओढ बसली की सुटतो. म्हणून दोर लांब हवा, म्हणजे तो तिरपा पडतो.

हिशेब असा. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहूनही अधिक चढते. समजा, ओहोटीला खोली 3 मीटर आहे, भरतीला 4 मीटर वाढेल आणि नाळ (होडीचे पुढचे टोक) पाण्यापासून 1 मीटर उंच आहे. बेरीज 8. दोर याच्या सातपट, म्हणजे 56 मीटर लागेल. ओहोटीची खोलीच धरून 21 मीटर सोडले, तर भरतीला प्रमाण तिपटीपेक्षाही कमी उरते आणि होडी नांगरासकट वाहू लागते. रात्री हे कळतही नाही!

सगळी साखळीच असेल तर साधारण पाचपट पुरते, कारण ती स्वतःच्या वजनाने तळाशी पडून राहते. नायलॉनचा दोर मात्र ताणून लाटेचा हिसका सोसतो. त्यामुळे नांगराजवळ थोडी साखळी आणि पुढे नायलॉन, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. वारा वाढला तर आणखी दोर सोडावा. पण होडी तेवढ्याच मोठ्या वर्तुळात फिरणार, तेव्हा शेजारच्या होड्या आणि खडक आधीच पाहून ठेवावेत.