काशाचा नाद, नाडीचे ठोके

स्वारगेटच्या जेधे चौकाला शांतता माहीत नाही. सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता आणि शिवाजी रस्ता इथे एकमेकांना येऊन भिडतात. एसटीचे स्थानक, पीएमपीच्या गाड्या, रिक्षांच्या रांगा आणि सप्टेंबर 2024 पासून जमिनीखाली मेट्रोचे स्थानक, असा हा सगळा पसारा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 65 आणि रात्री 55 डेसिबल आहे. निवासी भागात ती 55 आणि 45 आहे. डेसिबलची मोजपट्टी फसवी असते. आकडा दहाने वाढला की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. मर्यादा 65 ची आणि चौकात 75 चा आवाज असेल, तर कानांवर परवानगीच्या दहापट ऊर्जा आदळत असते.

अशा शहरात योगवर्गाला जाणारा माणूस व्यायामाइतकाच निवांतपणाही शोधत असतो. म्हणूनच गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या अनेक योगवर्गांत शवासनाच्या वेळी धातूच्या वाट्या वाजू लागल्या. सतरंजीवर माणसे डोळे मिटून पडलेली असतात, शिक्षिका वाटीवर हलकेच टोला देते आणि नाद कितीतरी वेळ घुमत राहतो. याला कुणी साउंड बाथ म्हणते, कुणी साउंड हीलिंग. सोबतीला स्फटिकाच्या वाट्या, गाँग, घंटा, तानपुरा. बाहेर पडणारी माणसे बरे वाटल्याचे सांगतात, आणि ते खोटे नसते. प्रश्न त्यापुढचा आहे. हे बरे वाटणे कशामुळे, किती, आणि त्याला उपचार म्हणावे का?

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. 1974 मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाला. तिथल्या ‘नादब्रह्म’ ध्यानात पहिला अर्धा तास ओठ मिटून गुंजारव करायचा असतो. त्यासाठीचे संगीत आश्रमात राहिलेल्या जर्मन संगीतकार ड्यूटर यांनी रचले. त्याच दशकाच्या सुरुवातीला हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्स यांच्या ‘तिबेटन बेल्स’ या ध्वनिमुद्रिकेने हिमालयातल्या वाट्यांचा नाद पाश्चात्त्य श्रोत्यांपर्यंत नेला. तिबेटी बौद्ध विधींत घंटा, झांजा, शंख आणि लांब कर्णे यांची परंपरा पक्की आहे. वाटीच्या काठावर दांडा फिरवून ध्यान करण्याचे जुने पुरावे मात्र फार तुटपुंजे आहेत. त्यामुळे ‘हजारो वर्षांची तिबेटी विद्या’ ही जाहिरात जपूनच घ्यावी.

धातूची ओळख तर मराठी घराला आधीपासूनच आहे. तळपायांना तूप लावून घासायची ती काशाची वाटी, त्याच कुळातली ही वाद्ये. कांसे म्हणजे साधारण 78 टक्के तांबे आणि 22 टक्के कथील. एवढे कथील घातलेला धातू थंड असताना ठोकला तर तडकतो; म्हणून कारागीर तो लालबुंद तापवून, पुन्हा पुन्हा भट्टीत घालून ठोकतात. त्याचा मोठा गुण असा की त्याच्या आत कंपनाची ऊर्जा फार हळू जिरते. टोला एकदाच, आस मात्र मिनिटभर.

त्या मिनिटात वाटीचा काठ गोल राहत नाही. तो क्षणभर एका दिशेने लांबट होतो, लगेच काटकोनातल्या दिशेने, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. काठावरच्या चार जागा जवळजवळ स्थिर असतात, त्यांच्या मधल्या चार जागा जोरात हलतात. हा वाटीचा सर्वांत खालचा स्वर. त्याच वेळी काठ सहा, आठ, दहा भागांतही थरथरत असतो आणि वरचे स्वर देत असतो. हे वरचे स्वर तारेच्या स्वरांसारखे दुप्पट, तिप्पट अशा सरळ पटींत नसतात. काशाच्या नादाचा गूढ वाटणारा रंग तिथून येतो.

आणि तो ‘वॉव-वॉव’ असा हेलकावा? हाताने घडवलेली वाटी कधीच अगदी सारखी नसते. कुठे पत्रा जाड, कुठे पातळ. त्यामुळे एकाच स्वराचे दोन जुळे स्वर होतात. एक सेकंदाला 200 कंपनांचा आणि दुसरा 203 चा असेल, तर कानाला सेकंदातून तीन वेळा आवाज चढल्या-उतरल्यासारखा वाटतो. स्वारगेटहून एसटीने वाईला आणि पुढे मेणवलीला गेले, तर घाटावरच्या प्रचंड पोर्तुगीज घंटेतही हाच नियम काम करतो. 1739 च्या वसई विजयानंतर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक. घंटा काय किंवा वाटी काय, भौतिकशास्त्र एकच.

दांडा काठावरून फिरवला की घर्षणाचा खेळ सुरू होतो. दांडा क्षणभर काठाला चिकटतो, काठ थोडा ओढला जातो, सुटतो, पुन्हा चिकटतो. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. 2011 मध्ये डेनिस तेरवान्ये आणि जॉन बुश या संशोधकांनी अशा वाट्यांत पाणी भरून त्यांची कंपने अभ्यासली. कंपन वाढवत नेल्यावर पाण्यावर आधी लाटांची नक्षी उमटली, मग काठाजवळून थेंब उडू लागले, आणि काही थेंब पाण्यात न मिसळता पृष्ठभागावरच टुणटुणत राहिले.

स्फटिकाच्या पांढऱ्या वाट्यांची जन्मकथा तर थेट कारखान्यातली आहे. संगणकाच्या चिपसाठी सिलिकॉन वितळवायला क्वार्ट्झची भांडी लागतात. त्यांचेच हे भावंड, आणि वाद्य म्हणून त्याचे वय जेमतेम चार दशकांचे. गाँगची तऱ्हा वेगळी. जोरात टोला दिला की खालच्या स्वरांतली ऊर्जा हळूहळू वरच्या स्वरांत शिरते, म्हणून आवाज टोल्यानंतरही फुलत जातो.

महाराष्ट्राच्या जवळचे वाद्य मात्र तानपुरा. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्यापासून तो घडतो आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. घोडीच्या वक्र माथ्याला, म्हणजे जवारीला, तार हलकेच टेकते, तिच्याखालचा धागा नेमक्या जागी सरकवला की तारेतून उपस्वरांचा झरा सुटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांना हे इतके नवलाचे वाटले की 1921 मध्ये त्यांनी तानपुरा आणि वीणेवर शोधनिबंध लिहिला. तारेच्या नेहमीच्या नियमानुसार जे उपस्वर उमटायला नकोत, तेही जवारीमुळे ठणठणीत उमटतात, हे त्यांनी दाखवले.

याच तानपुऱ्यात ‘उपचारी हर्ट्झ’च्या दाव्याचे उत्तरही आहे. 432 हर्ट्झ निसर्गाचा स्वर, 528 हर्ट्झ पेशी दुरुस्त करणारा, अमुक चक्राला अमुक वाटी, असे तक्ते वर्गांत आणि मोबाइलवर फिरतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेले माप. त्या मापातल्या एखाद्या आकड्यावर पेशींनी प्रेम करावे, असे कारण जीवशास्त्राला सापडलेले नाही. शिवाय एका वाटीत एकाच वेळी चार-पाच स्वर वाजतात. त्यातला कोणता चक्राचा? आपल्या संगीताने तर तानपुऱ्याचा षड्ज कधी एका जागी खिळवलाच नाही. कुणी पेटीच्या काळी एकला गातो, कुणी काळी चारला, आणि समाधान दोघांच्याही श्रोत्यांना मिळते.

मग पुरावा काय सांगतो? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जयन लँड्री यांच्या अभ्यासात 51 जण होते. प्रत्येकाने दोन सत्रे केली: एकात शिथिलीकरणाआधी 12 मिनिटे वाटीचा नाद, दुसऱ्यात तेवढाच वेळ शांतता. नादाच्या सत्रात वरचा रक्तदाब आणि नाडीची गती अधिक उतरली. 2017 मध्ये गोल्ड्सबी आणि सहकाऱ्यांनी 62 जणांची नोंद घेतली. सत्रानंतर ताण, राग, थकवा आणि उदासी कमी झाल्याचे त्यांनी सांगितले. पण इथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे नुसते आडवे पडण्याचा वाटा किती, हे कळत नाही. 2020 मध्ये सगळे संशोधन चाळणाऱ्या आढाव्याला निकषात बसणारे जेमतेम चार अभ्यास सापडले. त्यांतून आशा दिसते, उपचार म्हणून शिफारस करण्याइतका पाया दिसत नाही.

अधिक भक्कम पुरावा माणसाच्या स्वतःच्या आवाजाबद्दल आहे. 2001 मध्ये ल्युचियानो बेर्नार्दी यांच्या गटाने 23 निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावले. दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या गतीतले निरोगी चढउतार वाढले. 2002 मध्ये स्वीडनच्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी गुंजारव करताना नाकातून येणारा नायट्रिक ऑक्साइड वायू मोजला. तो शांत उच्छ्वासाच्या पंधरापट भरला. सायनसच्या पोकळ्यांत हवा खेळत असल्याची ती खूण होती. 2011 मध्ये बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने 12 जणांच्या मेंदूचे एफएमआरआय चित्रण केले. ओंकार म्हणताना भावनांशी निगडित भागांतली हालचाल मंदावली. ‘स्स्स’ म्हणताना तसे झाले नाही. अभ्यास छोटे आहेत, पण भ्रामरी, म्हणजे गुंजारवाचा प्राणायाम, शिकवणाऱ्या शिक्षकाला त्यातून धरता येईल असा धागा मिळतो, तोही एक रुपया न खर्चता. ‘हठयोगप्रदीपिके’तही नादानुसंधानाला मोठे स्थान आहे. तिथे घंटा, शंख, बासरी, वीणा आणि भुंगा यांचे आवाज साधकाने आपल्या आतच ऐकायचे आहेत.

छातीवर ठेवलेली वाटी वाजते तेव्हा काहीतरी आत शिरल्यासारखे जाणवते, त्यालाही कारण आहे. त्वचेखालची कंपन टिपणारी पाचिनी संवेदके 250 हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक तल्लख असतात आणि मोठ्या वाटीचे स्वर त्याच टापूत येतात. जाणवणे म्हणजे बरे होणे नव्हे. ध्वनी औषधाचे काम करतोच, पण मोजून-मापून: सोनोग्राफी लाखो हर्ट्झच्या ध्वनीवर चालते आणि 2016 पासून अमेरिकेत हातांच्या एका प्रकारच्या कंपावर एकवटलेल्या अल्ट्रासाउंडचा उपचार मान्य आहे. वाटीकडे तेवढी ताकद नाही.

मोजण्याची ही शिस्त योगाला बाहेरून आलेली नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. पोटाचे स्नायू घुसळणाऱ्या नौली क्रियेच्या वेळी पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापकाने पाहिले. योगावरचे प्रेम आणि पुराव्याची मागणी त्यांच्या हातात एकत्र नांदली. वाट्या वाजवणाऱ्या वर्गांनी हाच वारसा उचलायला हवा.

काही पथ्ये लगेच पाळता येतील. कानाजवळ गाँग जोरात वाजवू नये. कानात सतत गुणगुण ऐकू येणाऱ्यांनी, फिट येणाऱ्यांनी, पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाची, नैराश्याची गोळी वाटीच्या भरवशावर बंद करू नये, आणि तसे सुचवणाऱ्या वर्गाची पायरी चढू नये.

आणि प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. पहिल्या आठवड्यात एका गटाला शवासनाआधी 12 मिनिटे वाटी ऐकवावी, दुसऱ्याला तेवढीच शांतता द्यावी. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. वेळ तीच, खोली तीच, आधी चहा नाही. प्रत्येकाने सुरुवातीला आणि शेवटी मनगटावरची नाडी पूर्ण 60 सेकंद मोजून वहीत लिहावी. जमल्यास तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी वाटीऐवजी भ्रामरी करावी. पन्नासेक जणांच्या नोंदी जमल्या, की स्वारगेटजवळच्या एखाद्या वर्गालाही 2014 च्या अभ्यासाशेजारी स्वतःचे आकडे मांडता येतील, आणि पुढची वाटी विकत घ्यायची की नाही, हे त्या वहीकडे पाहून ठरवता येईल.