पनामातील वृक्षछत्रातील पक्षी व वन्यजीव निरीक्षण

वर्षावनातील उंच झाडांचे शेंडे एकमेकांना भिडून जो सलग हिरवा थर तयार होतो, त्याला वृक्षछत्र म्हणतात. मध्य अमेरिकेतील पनामा देशात, पनामा कालव्याच्या काठच्या जंगलांत, या थराच्या उंचीवर जाऊन तेथील पक्षी व प्राणी पाहण्याची सोय विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झाली आहे. सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानातील जुना रडार मनोरा, पाइपलाइन रस्त्याजवळचा निरीक्षण मनोरा आणि संशोधकांनी उभारलेल्या क्रेन ही त्याची प्रमुख साधने होत. जंगलात जमिनीवरून जे दिसते, त्यावरून वरच्या थराचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून वर कसे आणि कोठे पोहोचता येते, यावरच तेथील जीवसृष्टीविषयीचे ज्ञान मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिले आहे.

परिसर

सोबेरानिया राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २२,००० हेक्टर असून ते पनामा सिटी या राजधानीपासून मोटारीने तासाभराच्या आत आहे. उद्यानाच्या कडेने कालवा जातो. कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधून गातून सरोवर तयार करण्यात आले, तेव्हा पाण्याने वेढल्या गेलेल्या एका टेकडीचे बेट झाले. ते बार्रो कोलोराडो बेट होय. १९२३ मध्ये ते संशोधनासाठी राखून ठेवण्यात आले आणि पुढे स्मिथसोनियन संस्थेकडे आले. उष्णकटिबंधातील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या जंगलांत त्याची गणना होते.

बेटावर वर्षाला सरासरी २,६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मात्र कोरडा हंगाम असतो आणि त्या काळात काही झाडांची पाने गळतात. काटेकोर वर्गीकरणात या जंगलाला हंगामी आर्द्र वन म्हटले जाते. सर्वसाधारण व्यवहारात ते वर्षावन म्हणूनच ओळखले जाते. छत्राची उंची साधारण ३० मीटर असते. पांढरी सावर, कुइपो यांसारखे काही वृक्ष त्याच्याही वर डोके काढतात. यांपैकी पांढरी सावर महाराष्ट्रातही लावलेली आढळते.

ही जंगले टिकून राहण्यामागे कालव्याचा मोठा वाटा आहे. जुन्या जलपाशांतून एक जहाज पार करण्यासाठी सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात सोडावे लागते. हे पाणी पावसाचे असते व ते पाणलोट क्षेत्रातून सरोवरात येते. जंगल तोडल्यास गाळ वाढतो आणि कोरड्या हंगामातील प्रवाह आटतो, हे लक्षात आल्यावर काठच्या वनांना संरक्षण मिळाले. २०२३ च्या दुष्काळात पाण्याअभावी रोजच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली, तेव्हा हा संबंध जगाच्या व्यापारालाही जाणवला.

जमिनीवरून दिसणारे आणि न दिसणारे

छत्रावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी एक-दोन टक्केच प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो. पाने, फुले, फळे आणि त्यांवर जगणारे कीटक यांचा मोठा साठा वरच असतो. त्यामुळे अनेक पक्षी व प्राणी आयुष्याचा बहुतेक काळ तेथेच काढतात. खाली उभ्या असलेल्या माणसाला पानांच्या फटींतून उजळ आकाश दिसते आणि त्यावर पक्ष्याची काळी आकृती. रंग हरवतात. निळ्या कोटिंगाच्या नराचे उदाहरण यासाठी दिले जाते. त्याचा निळा रंग रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरल्याने दिसतो. खालून, प्रकाशाच्या विरुद्ध दिशेने पाहिल्यास तोच पक्षी काळपट ठिपक्यासारखा भासतो. सकाळी शेंड्याच्या उघड्या फांदीवर बसलेला असताना समोरून पाहिल्यास तो दूरवरूनही ओळखू येतो. भीमाशंकरच्या जंगलात मान वर करून शेकरू शोधणाऱ्यांना या अडचणीची थोडीफार कल्पना असते. पनामात अडचण अधिक मोठी आहे, कारण वरचे बहुतेक पक्षी मुठीत मावतील एवढे लहान असतात.

वर चढण्याचे प्रयत्न

आरंभीच्या निसर्गशास्त्रज्ञांना वरच्या थरातील प्राणी मिळत ते बंदुकीने पाडलेले किंवा तोडलेल्या झाडावरून घेतलेले. १९७० च्या दशकात कोस्टा रिका या शेजारच्या देशात डोनाल्ड पेरी यांनी गिर्यारोहणातील दोरांचा उपयोग करून उंच वृक्षांवर चढण्याची पद्धत विकसित केली. दोराने चढणारा माणूस मात्र एका वेळी एकाच झाडावर असतो आणि बारीक फांद्यांच्या टोकांपर्यंत त्याला जाता येत नाही.

पनामातच टेरी अर्विन यांनी दुसरा मार्ग वापरला. त्यांनी कीटकनाशकाचा धूर वर सोडला आणि खाली पडलेले कीटक गोळा केले. एकाच जातीच्या अवघ्या १९ झाडांवरून त्यांना भुंगेऱ्यांच्या सुमारे १,२०० जाती मिळाल्या. त्यावरून १९८२ मध्ये त्यांनी पृथ्वीवर संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात, असा अंदाज मांडला. हा आकडा आज फार मोठा मानला जातो आणि नंतरचे अंदाज बरेच खाली आले आहेत. तरीही छत्राकडे संशोधकांचे लक्ष वेधण्यात त्याचा परिणाम मोठा झाला.

धुरामुळे मेलेला कीटक मिळतो. तो जिवंतपणी काय करतो ते कळत नाही. १९९० मध्ये स्मिथसोनियन उष्णकटिबंधीय संशोधन संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ ॲलन स्मिथ यांनी इमारतींच्या बांधकामावर असते तशी मनोरा-क्रेन जंगलात उभी केली. ही जागा पनामा सिटीतील मेट्रोपोलिटन नैसर्गिक उद्यानात आहे. क्रेन सुमारे ४० मीटर उंच असून तिच्या हाताला टांगलेल्या पिंजऱ्यात बसून संशोधक छत्रातील हव्या त्या पानापर्यंत जाऊ शकतो. पुढे कॅरिबियन किनाऱ्याकडील अधिक पावसाच्या सान लोरेन्सो जंगलातही अशी क्रेन बसवण्यात आली. क्रेनची मर्यादा तिच्या हाताएवढीच असते: एका ठिकाणाहून हेक्टरभराहून कमी जंगल हाती लागते.

निरीक्षण मनोरे

सोबेरानियातील सेमाफोर टेकडीवरचा मनोरा निसर्ग पाहण्यासाठी बांधलेला नव्हता. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६५ मध्ये तो रडारसाठी उभारला. १९९६ मध्ये तो पनामाच्या ताब्यात आला आणि १९९९ पासून कॅनोपी टॉवर या नावाने पक्षिनिरीक्षकांचे निवासस्थान झाला. माथ्यावरचा मोठा पिवळा घुमट जुन्या वापराची खूण म्हणून राहिला आहे. घुमटाभोवतीच्या सपाट गच्चीवरून झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीवर दिसतात आणि पलीकडे कालव्यातून जाणारी जहाजेही.

गांबोआ गावापासून निघणारा पाइपलाइन रस्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलवाहिनीसाठी काढण्यात आला. तो आता पक्षिनिरीक्षकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या आरंभी, पनामात जन्मलेले पक्षिशास्त्रज्ञ यूजीन आयझेनमन यांच्या नावाने असलेल्या संस्थेने सुमारे ३२ मीटर उंचीचा पोलादी मनोरा उभारला आहे.

दिवसाचा क्रम

निरीक्षक उजाडण्यापूर्वीच वर पोहोचतात. पहिला आवाज बहुधा हाउलर माकडांचा असतो. कंठातील पोकळ हाडामुळे त्यांची गर्जना काही किलोमीटरपर्यंत ऐकू जाते. उजाडताच पोपट जोडीजोडीने रात्रथाऱ्यावरून बाहेर पडतात. ॲमेझॉन पोपट पंख उथळ, भरभर हलवतात. त्यामुळे रंग न दिसताही ते ओळखता येतात. त्यानंतर रंगीत चोचीचे टूकन उघड्या फांद्यांवर येऊन बसतात व चोच वरखाली करीत ओरडतात.

ऊन चढू लागले की लहान पक्ष्यांचे मिश्र थवे येतात. सह्याद्रीतही असे थवे आढळतात. अनेक जातींचे पक्षी एकत्र कीटक शोधत पुढे सरकतात. मनोऱ्याजवळून थवा जाण्यास काही मिनिटेच लागतात. तेवढ्यात दुर्बिणीने एकेक पक्षी टिपावा लागतो, आणि नवख्या माणसाच्या हाती दोन-चारच लागतात. फळांवर आलेल्या सेक्रोपियाच्या झाडाकडे नजर ठेवणे त्यापेक्षा फलदायी ठरते. तेथे टॅनेजर, हनीक्रीपर आणि टूकन पुन्हा पुन्हा येतात, आणि त्याच झाडाची पाने खाणारा तीन बोटांचा स्लॉथही भेटतो.

स्लॉथ शोधणे वाटते तितके सोपे नाही. त्याच्या केसांत शेवाळ वाढते, तो तासन्‌तास हलत नाही आणि फांदीच्या बेचक्यातील वाळवीचे तपकिरी घरटे त्याच्यासारखेच दिसते. फसवणूक बहुधा याच घरट्याने होते. आठवड्यातून साधारण एकदा मलविसर्जनासाठी तो जमिनीवर उतरतो, आणि शिकारी प्राण्यांकडून त्याला सर्वाधिक धोका त्याच वेळी असतो. हिरवे इग्वाना शेंड्यांवर ऊन खात पडलेले असतात. जॉफ्रॉय टॅमरिन हे खारीएवढे माकड टोळीने फिरते. हार्पी गरुड हा पनामाचा राष्ट्रीय पक्षी असून विसाव्या शतकाच्या अखेरीस बंदिवासात वाढवलेले काही गरुड या भागात सोडण्यात आले. तरी मनोऱ्यावरून तो दिसणे दुर्मीळच.

सकाळच्या उत्तरार्धात तापलेली हवा वर चढू लागली की गिधाडे व ससाणे तिच्या आधाराने घिरट्या घेतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे दृश्य वेगळ्याच प्रमाणात दिसते. समुद्रावर अशा चढत्या हवेचा आधार नसल्याने उत्तर अमेरिकेतून दक्षिणेकडे स्थलांतर करणारे स्वेन्सन हॉक, ब्रॉड-विंग्ड हॉक आणि टर्की गिधाडे पनामाच्या अरुंद संयोगभूमीवरूनच जातात. त्यांची संख्या लाखांत असते.

दुपारी हालचाल मंदावते, पावसाळ्यात बहुधा सरी येतात. रात्री विजेरीच्या उजेडात किंकाजू, रात्रमाकडे आणि तुटलेल्या फांदीसारखा ताठ बसणारा पोटू पक्षी डोळ्यांच्या चकाकीवरून सापडतात.

मोजणीतील स्थान

सोबेरानियातील पक्ष्यांवरील एक दीर्घकालीन अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बारीक धाग्यांची, सहज दिसू न येणारी जाळी लावून १९७७ ते २०२० या काळात पकडलेल्या पक्ष्यांच्या नोंदी त्यात तपासण्यात आल्या. ज्या ५७ जातींविषयी पुरेशी माहिती होती, त्यांपैकी ४० जातींची संख्या घटली होती आणि ३५ जातींत ही घट निम्मी किंवा त्याहून अधिक होती. ही जमीन संरक्षित उद्यानातील असल्याने या निष्कर्षाने चिंता निर्माण केली.

मात्र अशी जाळी जमिनीलगत लावली जातात. त्यांत खालच्या थरातील पक्षी सापडतात. कोटिंगा, टूकन किंवा शेंड्यावरचे टॅनेजर क्वचितच. वरच्या थरातही तशीच घट होत आहे का, या प्रश्नाला जाळ्यांतून उत्तर मिळत नाही. त्यासाठी तेथील पक्षी डोळ्यांनी व कानांनीच मोजावे लागतात. एकाच जागी, एकाच उंचीवरून, वर्षानुवर्षे वेगवेगळ्या लोकांनी केलेल्या याद्यांना त्यामुळे महत्त्व येते. पर्यटकांच्या अशा याद्या आता ईबर्ड या सार्वजनिक संकेतस्थळावर जमा होतात. त्या वापरताना निरीक्षकांच्या अनुभवातील फरक लक्षात घ्यावा लागतो. ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्षी जवळ बोलावण्याची सवयही नोंदींत भर घालते आणि पक्ष्यांच्या नेहमीच्या वागण्यात व्यत्यय आणते. म्हणून तिचा वापर जपूनच करणे योग्य मानले जाते. हिरव्या श्राइक-व्हिरिओसारखे पक्षी पानांच्या रंगाचे असून ते छत्रात दिवसभर गातात. मनोऱ्यावरून झालेल्या त्यांच्या बहुतेक नोंदी केवळ आवाजाच्या असतात.